झोपलीस का गं?

ठेव, पिंजरा आधी खाली ठेव, हात अवघडतील तुझे. नाही म्हणत नाहीये मी. तुम्ही दोघं दोन दिवस खुशाल जाऊन या. पण पक्षी सांभाळायचा म्हटलं की मला आधी एक गोष्ट सांगावी लागते. ती ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, माझ्याकडे ठेवायचा का नाही ते. सूनबाई, हसू नका. तुमचा नवरा लहानपणापासून माझ्या गोष्टींना हसत आलाय आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपत आलाय, विचारा त्याला.

आणि ही काही ऐकीव गोष्ट नाही. मी घड्याळजी माणूस. पंचेचाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून बसलोय. इकडचं तिकडे होईल, पण वेळ सांगताना माझी चूक व्हायची नाही, म्हणून वेळेसकट सांगतो. चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, सतरा तारीख, शनिवार.

माझ्या दुकानाला लागूनच मास्तरचं दुकान होतं. मास्तर म्हणजे आमचा शिंपी. बायको गेलेली, मुलगी सासरी, एकटा जीव, दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. लग्नाचे सूट, शाळेचे गणवेश सगळं शिवायचा, पण खरा हात चालायचा तो रंगमंचाच्या कपड्यांवर. झालरी, टिकल्या, पिसं. एकेक टिकली लावत रात्र रात्र बसायचा आणि सकाळी माझ्याकडे येऊन डोळे चोळत म्हणायचा, “घड्याळजी, आज तारीख काय रे?”

गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर वहिनी राहायच्या. सख्ख्या नाहीत, पण आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो. त्यांचा नवरा बसचा ड्रायव्हर, मास्तरचा अगदी जिवाभावाचा दोस्त. शेवटची बस डेपोत लावून घरी यायचा, तेव्हा बरोबर दहा वाजून दहा मिनिटं झालेली असायची. जिना चढून वर आला की दारातूनच विचारायचा, “झोपलीस का गं?” आणि वहिनी आतून म्हणायच्या, “नाही हो, जागीच आहे.” झालं. सव्वीस वर्षं हेच. त्यांच्याकडे एक पोपट होता, त्यानं ते उचललं. अगदी हुबेहूब! तो घोगरा आवाज, ती बोलण्याआधीची बारीक खोकल्याची उबळ, सगळं.

पुढे ड्रायव्हर गेला. झोपेतच गेला बिचारा. माणूस गेला, पण पोपट काही थांबला नाही. रोज रात्री दहा वाजून दहाला खोकायचा आणि विचारायचा, “झोपलीस का गं?” पहिले काही दिवस वहिनींनी कानांवर हात ठेवले. मग एकदा त्यांच्या तोंडून उत्तर निघून गेलं. त्या रात्री त्यांना झोप लागली. तेव्हापासून ते ऐकल्याशिवाय त्यांचा डोळा लागायचाच नाही. आवाज थोडासा त्यांच्या मोबाइलमध्येही होता म्हणे, पण तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. मीच उघडून वाळवायला घेतला होता, काही उपयोग झाला नाही, नवाच घ्यावा लागला. म्हणजे त्या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. त्या पोपटाच्या गळ्यात.

आता कळलं ना, मास्तरकडे काय सांभाळायला दिलं होतं ते?

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साखर जास्त, म्हणून डॉक्टरांनी दोन रात्री ठेवून घेतलं. शनिवारी सकाळीच त्या पिंजरा घेऊन मास्तरकडे आल्या. पिंजऱ्यावर रात्री घालायची गवसणी होती, ती मास्तरनंच ड्रायव्हरच्या जुन्या खाकी शर्टाची शिवली होती. पुढची पाच बटणं तशीच ठेवलेली. वहिनी म्हणाल्या, “मास्तर, मी दहा वाजून दहाला फोन करीन. तेवढा पिंजऱ्याजवळ धरा हो. ऐकलं की डोळा लागतो माझा.” ऑपरेशनला चाललेली बाई असं बोलली आणि स्वतःच हसली.

मास्तर म्हणाला, “वहिनी, अजिबात काळजी करू नका.”

आणि नेमका त्याच रात्री कॅबरे.

कॅबरे म्हटल्यावर लगेच गालातल्या गालात हसायचं कारण नाही. बंद पडलेलं एक थिएटर कुणीतरी घेतलं होतं, खाली टेबलं मांडली, वर बँड बसवला, गाणी, नाच, जादूचे खेळ. चांगली घरंदाज माणसं जायची. मी पण जाऊन आलोय, तुमच्या काकूला घेऊन. तर त्याचा तो पहिला दिवस. अकरा पोशाख मास्तरनं शिवलेले. जी मुख्य गाणारी होती तिनं खूश होऊन त्याला पास दिला, पुढून दुसरं टेबल. मास्तर हवेतच होता. म्हणाला, “घड्याळजी, तीस वर्षं पडद्यामागून नुसत्या पाठी बघितल्या रे. आज तोंडं बघणार.” नऊला कार्यक्रम सुरू, पहिल्याच गाण्याला त्याचा मुख्य पोशाख, पावणेदहाला उठायचं, सात मिनिटांत घरी. सगळं गणित त्यानं मला दोनदा ऐकवलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी तो माझ्या दुकानात आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, “गेला.”

मी म्हटलं, “कोण गेला?”

“पोपट.”

झालं होतं असं. गाणारीचा पिसांचा मुकुट तयार होऊन टेबलावर पडला होता. हिरवी लांब पिसं, मोजून बसवलेली. त्याच टेबलावर हा बाबा स्वतःच्या कोटाला इस्त्री करायला बसला. रात्री मिरवायचं होतं ना! कॉलर नीट बसेना म्हणून दाबायला गेला आणि मुकुटाचं अगदी मधलं पीस इस्त्रीखाली आलं. जळून वेटोळं झालं. पेटीत दुसरं हिरवं पीस नाही, पिसांचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुकुट तर साडेआठला पोचवायचा. मास्तर इकडेतिकडे बघतो तर पिंजऱ्याच्या तळाशी एक गळालेलं पीस. हिरवंगार. शेपटीचं.

दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. शिंप्यालाच सुचणार. त्यानं पिंजऱ्याच्या दाराची तार सोडली आणि हात आत घातला. वाफ कोंडते म्हणून खिडकी सताड उघडी. पोपट त्याच्या मनगटावरून चालत बाहेर आला, खिडकीच्या कडेवर बसला, मान वाकडी करून एकदा मास्तरकडे बघितलं आणि गेला.

आम्ही दोघांनी गल्ली पालथी घातली. बॅटरी मारून झाडं बघितली, तारा बघितल्या. पेरूची फोड हातात धरून मास्तर शीळ घालत फिरला. सव्वाआठ वाजले. मग तो परत आला, खाली बसला आणि पिंजऱ्यातलं तेच पीस मुकुटाला टाचू लागला.

मला रागच आला. म्हटलं, “मास्तर, लाज वाटत नाही का?”

तो मान वर न करता म्हणाला, “पोपट तर गेलाच. आता त्या पोरीला पण बोडकी उभी करू?”

“आणि वहिनींना काय सांगणार?”

त्यानं एक टाका घट्ट ओढला. मग म्हणाला, “रडायचं नाही असं बजावलंय त्यांना डॉक्टरांनी. डोळ्यावर ताण आला तर डोळा जाईल म्हणाले. आज सांगू शकत नाही मी.” मग दोरा तोडून म्हणाला, “मीच बोलतो. त्याच्या आवाजात. तीन शब्द तर आहेत.”

मी म्हटलं, “असलं काही करू नकोस. मेलेल्या माणसाचं बोलणं आहे ते.” पण बुडत्याला काडीचा आधार. ऐकतोय कशाला?

साडेआठला आम्ही दोघं दुकानाबाहेर पडलो. हे नीट लक्षात ठेवा, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पोपट परत आलाच तर बसावा म्हणून मास्तरनं पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, खिडकी उघडी ठेवली. खिडकीला गज आहेत, माणूस काही आत यायचा नाही. गवसणी खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. कुलूप त्यानं माझ्यासमोर लावलं.

पुढचं मास्तरनं मला त्याच रात्री सांगितलं. माझ्या घरी, माझ्या पलंगावर बसून, अंगावर दोन पांघरुणं घेऊन. थंडी अजिबात नव्हती.

मुकुट पोचवला. दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. नऊला पडदा वर गेला, दिवे लागले, गाणारी आली, लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. ज्यासाठी तीस वर्षं झुरला तो कार्यक्रम समोर चालला होता आणि मास्तरला मुकुटातल्या त्या एका पिसाशिवाय काही दिसेना. सगळी पिसं गाण्याच्या तालावर हलत होती. ते एकच स्थिर होतं. पावणेदहाचा ठोका पडताच तो उठला.

परतीच्या रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मास्तरनं विचार केला, इथेच सराव करून घ्यावा. एकदा खोकला, आणि ड्रायव्हरचा आवाज काढून म्हणाला, “झोपलीस का गं?” छे! बायकी झाला आवाज. आणखी दहा पावलं चालला. पुन्हा म्हणाला. जरा बरा आला, पण घोगरेपणा नाही.

आणखी दहा पावलं.

तिसऱ्यांदा अगदी बरोबर जमलं.

पण मास्तर मला शपथेवर सांगत होता... तिसऱ्यांदा तो बोललाच नव्हता.

तो पळत सुटला. दुकानाशी आला, कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला. घड्याळात दहाला सात मिनिटं कमी. ते घड्याळ मीच लावून दिलेलं, एक सेकंद मागेपुढे नाही.

खिडकी तशीच उघडी. कोट तसाच. इस्त्री तशीच.

पिंजऱ्यावर गवसणी घातलेली होती. पाचही बटणं लावलेली.

मास्तरला आधी वाटलं, मीच, म्हणजे घड्याळजीनंच, जाऊन घातली. मग आठवलं, किल्ली तर त्याच्याच खिशात होती. मग वाटलं, पोपट आला असेल. असेलही. पण पोपट बटणं लावत नाही. गवसणी वर करून बघायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मला म्हणाला, “अरे, बघितलं असतं आणि रिकामा असता तर? आणि रिकामा नसता तर?” म्हणून तो स्टुलावर बसून राहिला. पंधरा-सोळा मिनिटं. पिंजऱ्याकडे पाठ करायची छाती होईना, आणि तोंड करून बसवेना. शेवटी आडवा बसला. भिंतीकडे बघत.

दहा वाजून दहा.

फोन वाजला.

“मास्तर? मी बोलतेय. धरताय ना जवळ?”

“हो वहिनी.”

त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला. हात पिंजऱ्याकडे लांब केला. खोकायला तोंड उघडलं...

गवसणीच्या आतून खोकल्याची उबळ आली.

“झोपलीस का गं?”

“नाही हो, जागीच आहे,” वहिनी म्हणाल्या.

आता इथे संपायला हवं होतं. रोज इथेच संपायचं. मास्तरला वाटलं, चला, आलाय बिचारा पक्षी परत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन बंद करायला हात मागे घेणार, तेवढ्यात वहिनी आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आज फार टोचतंय हो डोळ्यात.”

गवसणीखाली शांतता.

मग आवाज आला. हळू.

“चोळू नकोस.”

सूनबाई, तो पोपट एकच वाक्य बोलायचा. जन्मात दुसरं बोलला नव्हता.

वहिनीही थांबल्या. श्वास ऐकू येत होता नुसता. मग अगदी लहान मुलीसारखा आवाज आला, “...अहो?”

“हं.”

“...कुठे आहात?”

“मास्तरकडे.”

मास्तरचा हात लांब केलेलाच राहिला. मागे घेता येईना. फोन टाकता येईना. वहिनी बोलत होत्या, तो बोलत होता. काय बोलले, मास्तरला नीट कळलं नाही. कानांत नुसतं रक्त वाजत होतं. मध्ये एकदा वहिनी हसल्या. एकदा खिडकी हा शब्द ऐकू आला. एकदा त्याचं स्वतःचं नाव. एकोणीस मिनिटं. फोनवर तेवढी नोंद होती, मी नंतर बघितली.

शेवटी आवाज म्हणाला, “झोप आता.”

“झोपते,” वहिनी म्हणाल्या. फोन बंद झाला.

मास्तरनं तो शिवणयंत्रावर ठेवला.

मग गवसणीच्या आतून... आता खूप जवळून...

“मास्तर, खिडकी लाव.”

मास्तरनं मुकाट्यानं उठून खिडकी लावली. परत आला. एकेक करून पाच बटणं काढली. बटणं लावायचं काम जन्मभर केलेला माणूस, त्याला पाच बटणांना किती वेळ लागला देव जाणे. गवसणी उचलली.

पिंजरा रिकामा होता. दार उघडं, जसं ठेवून गेला होता तसंच. तळाशी नवं पीससुद्धा नाही.

तो तसाच, फोन आतच टाकून, दाराला कुलूप घालून, अनवाणी माझ्या दारात आला. अकरा वाजायला बारा मिनिटं कमी होती.

रविवारी तो दुकानाकडे फिरकला नाही. माझ्याकडेच राहिला. जेवला नाही. सोमवारी दुपारी वहिनी घरी आल्या. मी मास्तरला म्हटलं, “ऊठ. एकदाचं सांगून टाकू. मी येतो बरोबर.” जिना चढताना तो मध्येच कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, “त्यांचं माणूस दुसऱ्यांदा मारलंय रे मी.” मी त्याचा दंड धरून वर नेला.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. मास्तरनं तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, “पोपट गेला म्हणून मनाला लावून घेऊ नका हं.”

मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं, वहिनी?”

“ह्यांनी,” त्या म्हणाल्या. ‘दूधवाल्यानं सांगितलं’ म्हणावं इतक्या सहज. “परवाच सांगितलं. म्हणाले, वाफेसाठी खिडकी उघडी होती, मास्तरचा दोष नाही.” मग मास्तरच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “आणि कालसुद्धा तुम्ही आठवणीनं फोन लावून दिलात. फार बरं वाटलं. रोज द्याल ना?”

मास्तरनं माझ्याकडे बघितलं. रविवारी रात्री दहा वाजून दहाला तो माझ्या पलंगावर होता. फोन कुलूपबंद दुकानात.

आम्ही दुकान उघडलं. शिवणयंत्रावर फोन होता, जुना, बटणांचा. मी नोंदी बघितल्या. रविवार, दहा वाजून दहा. लावलेला फोन. वहिनींचा नंबर. एकोणीस मिनिटं.

मास्तर म्हणाला, “तू घेऊन जा हे. मला नको.” त्याच आठवड्यात तो दुकान सोडून मुलीकडे राहायला गेला. पुढे शिवणकामच सोडलं. दोन वर्षांनी वारला. पिसाचं नाव काढलं तरी उठून जायचा.

मी फोन माझ्या दुकानात आणला. तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो, खोटं कशाला बोलू, मला उलट चेव चढला होता. यंत्र आहे, यंत्रासारखं वागलं पाहिजे. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, ती शर्टाच्या खिशात टाकली. फोन लोखंडी कपाटात ठेवला, गिऱ्हाइकांची घड्याळं ठेवतो त्या कपाटात. कुलूप लावलं. आणि रात्री दहापासून साडेदहापर्यंत त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. कान देऊन.

काही नाही. हूं नाही की चूं नाही. साडेदहाला मीच मला हसलो, घरी गेलो, झोपलो.

पण खरं सांगतो, जिन्याशी आल्यावर वहिनींची खिडकी दिसते, तिथे दिवा दिसला नाही म्हणून थांबलो. म्हटलं, आज बाई अंधारात पडून वाट बघत असेल. तुझ्या शहाणपणापायी.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता डोळ्यात औषध घालायला मीच गेलो, मास्तर तर येणार नव्हता. भीतभीतच विचारलं, “वहिनी, झोप लागली का हो काल?”

“लागली की,” त्या म्हणाल्या. “बोलणं झालं ना.” मग जरा कुरकुरल्या. “काल आवाज मात्र कोंडल्यासारखा येत होता. आणि नेहमीसारखे मोकळे बोललेच नाहीत. सारखे म्हणत होते, हळू बोल गं... बाहेर घड्याळजी बसलाय.”

मी औषधाची बाटली खाली ठेवली. दुकानात कसा आलो मला आठवत नाही. कुलूप तसंच होतं. उघडलं. फोन मी ठेवला होता तिथेच, मागचं झाकण काढलेला. बॅटरी माझ्या खिशात.

हात लावला.

गरम होता. खूप वेळ कानाशी धरून बोलल्यावर होतो तसा.